तीन ओळींना दोन ओळींचे उत्तर

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या काळात गावोगावच्या बुद्ध विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. आमच्या बार्शीटाकळीतही चालते. दिवसभर वावरात निंदण करून आलेल्या मायबहिणी हातपाय धुऊन, पांढरे पातळ नेसून विहारात येतात. त्यांच्यासोबत मुलेही येतात आणि मागे भिंतीला टेकून बसतात. समोर ग्रंथवाचन चालू असते आणि मागे कुजबुज चालू असते, हा बहुतेक गावांतला अनुभव आहे.

या मागच्या रांगेसाठी काहीतरी करावे, म्हणून गेल्या वर्षावासात आम्ही रविवारी सकाळी मुलांचा एक तास सुरू केला. आठवीपासून बारावीपर्यंतची पंधरा-सोळा मुले-मुली येऊ लागली. निबंध लिहा म्हटले की मुले पेन खाली ठेवतात. भाषण करा म्हटले की नेहमीची दोन-तीनच उठतात. तेव्हा आम्हास हायकू आठवला. फक्त तीन ओळी! तीन ओळी लिहायला कोण घाबरेल? कचेरीत आकडे जुळविणाऱ्या माणसाने कवितेचा तास घ्यावा, हे नवलच. आमचा कवितेशी संबंध भीमजयंतीच्या गाण्यांपुरता. परंतु या तासाने आम्हास जे शिकविले, ते आपल्या घराघरांत पोहोचावे असे वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

हायकू आला कोठून?

हायकू हा जपानी कवितेचा प्रकार. पहिल्या ओळीत पाच, दुसऱ्या ओळीत सात आणि तिसऱ्या ओळीत पाच, अशा सतरा ध्वनिमात्रा. मराठीत आपण अक्षरे मोजतो. त्यात ऋतूची खूण असते आणि डोळ्यांनी पाहिलेली एखादी साधी गोष्ट असते. ‘मी दुःखी आहे’ असे सांगायचे नाही. जे पाहिले ते ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. बाकीचे वाचणाऱ्याने समजून घ्यायचे.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हायकू जन्मला तो एकट्याची कविता म्हणून नव्हे. पूर्वी जपानात चार-सहा जण एकत्र बसून साखळी कविता रचीत. एकाने पाच-सात-पाचच्या तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने सात-सातच्या दोन ओळींनी तिला जोड द्यायची, मग तिसऱ्याने पुढे न्यायची. या साखळीत चंद्र, फुले आणि प्रेम या विषयांच्या ओळी यायलाच हव्यात असा संकेत होता. साखळीची पहिली कडी हळूहळू सुटी झाली. मासाओका शिकी या कवीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला ‘हायकू’ हे नाव रूढ केले. म्हणजे हायकूच्या मुळातच कोणीतरी उत्तर देणारा बसलेला आहे.

याच शिकींच्या मात्सुयामा गावात १९९८ सालापासून दर ऑगस्ट महिन्यात शाळकरी मुलांची हायकू स्पर्धा भरते. पाच-पाच विद्यार्थ्यांचे दोन संघ समोरासमोर बसतात. एका संघाने हायकू वाचला की दुसरा संघ त्यावर प्रश्न विचारतो, आपल्याला काय जाणवले ते सांगतो. पंच लाल किंवा पांढरा झेंडा वर करून निकाल देतात. लिहिण्याला गुण असतात, तसेच दुसऱ्याचे समजून घेण्यालाही असतात. आपल्याकडे किती परीक्षांत समजून घेण्याला गुण मिळतात?

मराठीत हायकू आणला आणि रुजविला तो शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी. त्या आचार्य अत्रे यांच्या कन्या. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी लाखोंच्या शोकसागरासमोर बोलायला जे उभे राहिले, तेच हे अत्रे. शिरीषताईंनी अक्षरांची मोजणी सैल ठेवली, पण तीन ओळींची शिस्त ठेवली.

आणि जपान तरी आपणास परका कोठे आहे? नागपूरच्या बौद्धांमध्ये आयुष्य वेचणारे भदन्त सुरई ससाई मूळचे जपानचेच. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी उपासिकेच्या दानातून १९९९ साली उभे राहिले. सहलीच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. आपल्या पालीतले ‘झान’ म्हणजे ध्यान. ते चीनमध्ये जाऊन ‘चान’ झाले आणि जपानात ‘झेन’ झाले. हायकूचा थोर कवी बाशो (१६४४-१६९४) याने एका झेन भिक्खूकडे ध्यानाचे धडे घेतले होते. म्हणजे हायकूच्या रूपाने आपल्याच घरचे काही दूर जाऊन परत आले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मुलांना आम्ही इस्सा (१७६३-१८२८) या कवीची हकीकत सांगितली. शेतकऱ्याचा मुलगा. तीन वर्षांचा असताना आई गेली. सावत्र आईशी पटेना, म्हणून कोवळ्या वयात घराबाहेर पडावे लागले. पन्नाशीत लग्न झाले आणि त्या पत्नीपासून झालेली चार अपत्ये, तीन मुलगे आणि एक मुलगी, लहानपणीच दगावली. पत्नीही गेली. हे ऐकताना एक मुलगी म्हणाली, “काका, हे तर बाबासाहेबांसारखंच झालं.” खरे होते. बाबासाहेबांचीही आई लहानपणी गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गेली. १९३५ साली माता रमाई गेल्या. राजरत्न गेल्यावर १९२६ साली बाबासाहेबांनी आपल्या स्नेह्यास लिहिलेले पत्र वाचले, म्हणजे कायद्याच्या पुस्तकांमागचा बाप दिसतो. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’सारखा राजकारणावरचा ग्रंथसुद्धा त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. महामानवाने आपले दुःख लिहून कोणाला तरी कळविले, तर आपल्या मुलांनी का लपवावे?

आमची चूक

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर सुरुवात चुकीची झाली. आम्ही विषय दिले ते ‘संविधान’, ‘शिक्षण’, ‘धम्मक्रांती’. मुलांनी तीन-तीन ओळींच्या घोषणा लिहून आणल्या. घोषणा चांगल्या होत्या, पण त्यात मूल कोठेच नव्हते. शेवटी अकरावीतील एका मुलीने विचारले, “काका, आम्हाला जे खरंच वाटतं ते लिहिलं तर चालेल काय?” आम्ही होय म्हटले. पुढच्या रविवारी कागद गोळा केले, तर जवळजवळ सर्वच कागदांवर दोनच गोष्टी होत्या. एक प्रेम आणि दुसरा एकटेपणा.

त्यात नववीतील एका मुलाचा हायकू होता. मधली ओळ त्याने ‘शाळेतून घरी आलो मी’ अशी लिहिली होती. आम्ही कारकून माणूस. लगेच बोटांवर मोजले आणि सर्वांसमोर सांगितले, “अक्षरे नऊ झाली, सात पाहिजेत.” मुलाने कागद घडी करून खिशात घातला. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

तिसऱ्या आठवड्यात कचेरीतून परतताना आम्ही त्याच्या घरी गेलो. साडेपाच वाजले होते. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी ऐन भरात होती. मुलगा दाराच्या पायरीवर दप्तर घेऊन बसला होता. गळ्यात दोरीला किल्ली. बाप पुण्याला इमारतीच्या कामावर, आई वेचायला गेलेली. “आत का बसला नाहीस?” विचारले, तर म्हणाला, “आत लय सुनं वाटते.” आम्ही त्याच्याजवळ बसलो. कागद मागितला. दोघांनी मिळून दोन अक्षरे काढली. तो हायकू असा झाला:

कुलूप दारी
शाळेतून आलो मी
किल्ली गळ्यात

दिवेलागणीला त्याची आई आली. आम्हास पाहून घाबरली. “भाऊ, काय केलं यानं?” आम्ही काही न बोलता कागद वाचून दाखविला. बाई बराच वेळ डोईवरचे फडके हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “शाळेची घंटा वावरात आयकू येते, भाऊ. घंटा झाली का मी समजतो, आता पोरगा घरी गेला असंन. पन रोजी सोडून कशी येऊ?”

मुलगा आईकडे पाहतच राहिला. रोज पाच वाजता वावरात कोणीतरी आपली आठवण काढते, हे त्यास ठाऊकच नव्हते. त्या माउलीला लिहिता येत नाही. मुलानेच बोटे मोजून तिचे उत्तर दोन ओळींत बसविले:

वेचता वेचता मी
शाळेची घंटा ऐके

त्या घरात यामुळे रोजी वाढली नाही की बाप पुण्याहून परत आला नाही. दार आजही पाच वाजता बंदच असते. परंतु त्या मुलाच्या शब्दांत सांगावयाचे, तर “आता घंटा झाली का मले वाटते, मायलेही आयकू आली.” एकटेपणा म्हणजे जवळ माणूस नसणे, असे आपण समजतो. खरा एकटेपणा म्हणजे आपले कोणापर्यंत पोहोचत नाही असे वाटणे. तो मोडायला कधीकधी दोन ओळी पुरतात.

त्या दिवसापासून तासाचा नियम बदलला. हायकू वाचला की चूक काढायची नाही. दुसऱ्या कोणीतरी दोन ओळींचे उत्तर द्यायचे. अकोल्याच्या वसतिगृहात राहणारी एक मुलगी सुट्टीत आली होती. तिने लिहिले:

वसतिगृह
डब्यातली चटणी
संपली आज

तिच्या मैत्रिणीने तिथल्या तिथे उत्तर दिले:

जवसाची चटणी
पाठवते उद्याच

सगळा विहार हसला. परंतु ती वसतिगृहातली मुलगी हसता हसता डोळे पुसत होती, हे आम्ही पाहिले.

विहारात प्रेमाच्या कविता?

बातमी गावात फिरलीच. एक वडीलधारे गृहस्थ तासाला येऊन म्हणाले, “विहारात पिरमाच्या कविता शिकवता काय, भाऊ? बाबासाहेबांनी शिका म्हटलं, हे नाही.” निमित्त होते बारावीतील एका मुलाच्या हायकूचे:

एसटी सुटे
खिडकीत तो हात
धूळ उरली

हात कोणाचा, हे मुलाने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. दुसऱ्या एका मुलाने त्याला उत्तर दिले होते:

धूळ बसेल खाली
पुन्हा एसटी येते

गृहस्थांची काळजी खोटी नव्हती, हे आम्ही कबूल करतो. आपल्या मुलांसाठी प्रेम ही सिनेमातली गोष्ट नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या नितीन आगेला ठार मारण्यात आले. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढाच त्याच्यावर ठपका होता. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. हे ज्या आईबापांनी ऐकले आहे, ते मुलाच्या वहीत प्रेम हा शब्द दिसला की हादरणारच.

पण म्हणूनच आम्ही त्या गृहस्थांना विचारले, बाबा, मुलाच्या मनातले आपल्याला कधी कळलेले बरे? तो विहारात, आपल्या माणसांत बसून तीन ओळी लिहितो तेव्हा, की गावात बोभाटा होतो तेव्हा? मुले प्रेम करायला आपली परवानगी मागत नाहीत. मात्र भीती वाटली तर सांगायला त्यांना एक तरी माणूस लागतो. जे मूल तीन ओळी आपल्यासमोर वाचू शकते, ते उद्या संकटही आपल्यासमोर बोलू शकते. शिवाय प्रेम म्हणजे केवळ अंगाचे आकर्षण नव्हे, हेही मुले या निमित्ताने बोलू लागली. समोरचा नाही म्हणाला तर त्याचा मान ठेवायचा, मुलीचे नाव चावडीवर घ्यायचे नाही, दुसऱ्याच्या प्रेमाची टिंगल करायची नाही, हे नियम मुलांनीच घातले. तथागतांनी मैत्री शिकविली, आणि करुणेच्याही पुढे जाऊन मैत्री पाहिजे, हे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मांडले. मैत्रीचा पहिला धडा दुसऱ्याचे ऐकून घेण्याचा नाही काय?

ते गृहस्थ पटले असे म्हणणार नाही. परंतु पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या नातवाला पाठविले.

एकांत आणि एकटेपणा

मुलांशी बोलताना आम्ही दोन शब्द वेगळे केले. एकांत आणि एकटेपणा. एकांत माणूस स्वतः निवडतो. बाबासाहेब ग्रंथालयात तासन्‌तास एकटे बसत, पण त्या एकांतात त्यांच्यासोबत सारा समाज होता. जपानी कवी अशा शांत एकलेपणातल्या सौंदर्याला ‘साबी’ म्हणतात. एकटेपणा मात्र माणसावर लादला जातो. वर्गात बाकावर शेजारी कोणी न बसणे, आडनाव ऐकून सूर बदलणे, वसतिगृहात जेवताना गप्पा थांबणे, हा लादलेला एकटेपणा आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी सोसला आहे.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. शेवटच्या पत्रात त्याने लहानपणच्या एकटेपणाचा उल्लेख केला होता. आंदोलनांत आपण त्याच्या नावाने घोषणा दिल्या, त्या द्यायलाच हव्या होत्या. जेथे अन्याय आहे तेथे लढाच पाहिजे, कविता नव्हे. परंतु लढणारा मुलगाही रात्री खोलीवर एकटा असतो. त्याला त्या रात्री फोन करणारे कोणी आहे काय, हा प्रश्न आपण आपल्या घरापुरता तरी विचारला पाहिजे.

एखाद्या मुलाच्या ओळीत वारंवार मरणाची भाषा येऊ लागली, तो जेवेनासा झाला, कोणाशी बोलेनासा झाला, तर तेथे हायकूवर थांबू नये. त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य फोनसेवा २०२२ साली सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

दुःख बोलून दाखविणे हा दुबळेपणा आहे, असे कोणी म्हणेल. मग थेरीगाथा काढून पाहावी. त्यात थेरींच्या ७३ रचना आहेत. कोणाचे मूल गेले, कोणाचा संसार मोडला, कोणी घरकामाच्या जाचातून सुटली, हे सारे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्यातच किसा गोतमी आहे. मेलेले बाळ कवटाळून ती तथागतांकडे आली, तेव्हा ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास त्यांनी तिला सांगितले. ही कथा आपण मरण अटळ आहे हे सांगण्यासाठी वापरतो. पण आणखी एक गोष्ट तिच्यात आहे. तथागतांनी तिला दारोदार पाठविले. प्रत्येक दारात तिने आपले विचारले आणि प्रत्येक दाराने तिला आपले सांगितले. मोहरी मिळाली नाही, परंतु उत्तर देणारे गाव मिळाले.

आजीचे ताट

वर्षावास संपला तरी आमचा तास सुरूच राहिला. विहार झाडायला येणाऱ्या एक आजी रोज कोपऱ्यात बसून ऐकत. मालक जाऊन चार वर्षे झाली, मुलगा सुनेसह मुंबईला. एका रविवारी त्या मध्येच म्हणाल्या, “माह्यं पन लिवा ना रे पोट्टेहो.” आणि त्यांनी जे सांगितले ते एका मुलीने त्यांच्याच बोलीत लिहून घेतले:

मांडतो ताटं
दोन मंग ठेवतो
एक काढून

विहारात कोणी बोलले नाही. कोणत्याच मुलाने दोन ओळींचे उत्तर दिले नाही. आम्हास वाटले, मुले कमी पडली. दुसऱ्या रविवारी कळले की अकरावीतील दोन मुली आठवडाभरात दोनदा आजींकडे जाऊन जेवून आल्या होत्या. जाताना आपापली भाकर घेऊन गेल्या होत्या. काढून ठेवलेले ताट पुन्हा मांडले गेले. आमच्या तासातले हे सर्वांत चांगले उत्तर होते.

आपल्या घरी काय करता येईल?

वाचक बंधू-भगिनींनो, यासाठी पैसा लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ मोबाईल बाजूला ठेवा आणि एक जुनी वही घ्या. घरातल्या प्रत्येकाने त्या आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट तीन ओळींत लिहावी. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. ऋतूसाठी चेरीचे फूल नको. आपली पऱ्हाटी, पळस, निंबोळी, हुरडा आहे. लिहिलेल्याला दुसऱ्या कोणीतरी दोन ओळींनी जोड द्यावी. उपदेश करू नये, हसू नये, नाव विचारू नये आणि आमच्यासारखी अक्षरे तर मुळीच मोजू नयेत. ती नंतर मोजता येतात.

आपल्या आजोबांनी मुलांना शाळेत घालण्यासाठी कष्ट उपसले. आपल्या बापांनी फी भरण्यासाठी पोटाला चिमटा घेतला. आता मुले शिकताहेत, शहरांत जाताहेत, खोल्या करून राहताहेत. त्यांना पुस्तक दिले, भाकर दिली. आता त्यांचे ऐकून घेणे हे आपल्या वाट्याचे काम आहे. आपल्या घरातल्या मुलाच्या गळ्यात कोणती किल्ली आहे, हे आजच रात्री जेवताना विचारू या.

जयभीम!